तीन अंश वर की खाली

"तो ट्रक मी चालता करतो," हे वाक्य मी तोंडात मटणाचा तुकडा असताना बोललो. घास गिळून बोललो असतो तर मधल्या वेळात थोडा विचार तरी झाला असता.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. माझा थोरला भाऊ जोलदोश ऑक्टोबरात गेला होता आणि त्याच्या घरी नातेवाईक जमले होते ते एकाच प्रश्नासाठी, की उमुतकान वहिनींचं आता काय करायचं. जोलदोशने चाळीस वर्षं ट्रक चालवला. शेवटीही स्टिअरिंगवरच छातीत कळ आली, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग गेला. मागे राहिल्या वहिनी, चार घोड्या, एक यर्ट, म्हणजे लोकरी नमद्यांचा गोल तंबू, आणि निळ्या तोंडाचा तो सोव्हिएत काळातला ट्रक. त्याच्याही मागची दोन चाकं जोडणाऱ्या ॲक्सलची नळी तडकली होती, हिवाळ्याच्या थंडीने, असं सगळे धरून चालले होते.

आता ट्रक नाही तर यर्ट जायलूवर जाणार कशी? उन्हाळ्यात वरच्या कुरणावर गेलं नाही तर घोड्या चरणार कुठे, दूध आटलं तर कुमीस, म्हणजे घोडीच्या दुधाचं आंबवलेलं पेय, घुसळायचं कशाचं, आणि कुमीस नसेल तर घोड्या हव्यात कशाला? अशी एकेक पायरी उतरत सगळी मंडळी राजधानीत, बिश्केकच्या नवव्या मजल्यावर पोचली होती. तिथे वहिनींची मुलगी राहते.

"घोड्या विका आणि जा," एक चुलतभाऊ म्हणाला. "नातवंडं सांभाळा. गरम पाणी आहे, लिफ्ट आहे..."

"लिफ्टमध्ये घोडी चढते का?" वहिनींनी चहा ओतता ओतता विचारलं.

कुणी हसलं नाही. कप भरला तरी वहिनी ओततच होत्या आणि चहा बशीत सांडत होता. ते मी पाहिलं, आणि म्हणून ते वाक्य बोललो. दहा माणसं एकदम माझ्याकडे वळली. मी शाळेत एकतीस वर्षं भूमिती आणि यंत्रचित्रकला शिकवतो. हातात खडू सोडून दुसरं काही धरलेलं कुणी मला पाहिलेलं नाही.

"भावजी, तुम्ही?" वहिनी म्हणाल्या.

घरी येताना माझी बायको चिनार एवढंच बोलली, "आपल्या खिडकीची कडी अकरा वर्षं निघालेली आहे." मी चालण्याचा वेग वाढवला.

भंगारबाजारात ॲक्सल मिळाला. धडधाकट होता, पण दुसऱ्या, जरा रुंद ट्रकचा. इथे मला थोडं शिकवावं लागेल, क्षमा करा, सवय आहे. ट्रकचा सगळा भार कमानपाट्यांवर, म्हणजे वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर असतो आणि कमानपाटे ॲक्सलवर ज्या दोन लोखंडी पाटांवर टेकतात त्यांना बैठक म्हणतात. बैठक नळीला वेल्डिंग करून जोडलेली असते. या ॲक्सलच्या दोन बैठकांमधलं अंतर आमच्या कमानपाट्यांमधल्या अंतरापेक्षा अकरा सेंटिमीटर जास्त होतं. म्हणजे त्या कापून काढायच्या आणि आमच्या मापावर दुसऱ्या जोडायच्या. कागदावर मी ते सात मिनिटांत केलं.

ही बातमी ऐकून शेजारचे ओसोर काका स्वतःचं स्टूल घेऊन आले. काका सामूहिक शेतीच्या काळात यंत्रांच्या कोठारावर भांडारपाल होते. तीस वर्षं त्यांनी सुटे भाग मोजून दिले, एकही कधी बसवला नाही, पण प्रत्येकाबद्दल त्यांचं मत होतं.

"सुयुनबाय, नवीन ट्रकच का नाही बघत?"

"काका, ते जमणारं नाही."

"मग कापू तरी नकोस. त्यापेक्षा ट्रकच अकरा सेंटिमीटर रुंद कर."

वेल्डर म्हणून तिलेक आला. गावात दुसरा वेल्डर नाही, आणि या तिलेकला मी भूमितीत दोनदा नापास केलेलं आहे. तो अतिशय आदराने वागला. त्यानेच मला जीव नकोसा झाला.

"आगाय," तो म्हणाला. गावात सगळे मला असंच म्हणतात, आगाय म्हणजे गुरुजी. "आगाय, काटकोन म्हणजे नव्वदच ना अजून?"

"नव्वदच."

"नाही, मधे सरकार बदललं म्हणून विचारलं."

बैठक कापताना सगळी गंमत अशी की कापायचं असतं वेल्ड, नळीला धक्का लावायचा नसतो. तिलेक ग्राइंडर असा हळुवार फिरवत होता की जणू म्हाताऱ्याची दाढी करतोय. दोन दिवसांत एकच बाजू सुटली. मी खडूने रेघ मारून दिली होती. दुसऱ्या बाजूला तो म्हणाला, "आगाय, बस झालं वाटतं, आता हातोडीने उडेल." मी पट्टी लावली आणि म्हणालो, "अजून अर्धा मिलिमीटर." त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये ग्राइंडरची चकती नळीत उतरली. आवाजच बदलला. तिलेकने ग्राइंडर बंद केला आणि खाचेत नख घालून पाहिलं.

"रेघेवरच आहे, आगाय," तो म्हणाला.

ती खाच वेल्डने भरून घासून साफ करण्यात तिसरा दिवस गेला. काका म्हणाले, त्यांच्या कोठारात असं कधी झालं नाही. खरंच होतं.

नव्या बैठका म्हणून जोलदोशच्या जुन्या ॲक्सलच्याच काढून वापरायच्या ठरल्या, कारण त्या कमानपाट्यांना बरोबर बसत होत्या. त्यासाठी त्या नळीवरचं वंगण खरवडलं, आणि तिलेकचा हात थांबला. नळीवर वेल्डचा एक जाड वळ होता. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा. तडा हिवाळ्यातला नव्हताच. कुणीतरी तो पुन्हापुन्हा बुजवला होता, आणि वर वंगण फासून ठेवलं होतं.

"हे माझं काम नाही," तिलेक हळूच म्हणाला. "मी इतकं वाईट करत नाही."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि किटली खाली ठेवली.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "दर वसंतात तो स्वतः करायचा आणि मला दिवा धरायला लावायचा. म्हणायचा, बाहेर बोलू नकोस. जोलदोशचा ट्रक तुटका आहे असं लोक म्हणतील."

लहानपणापासून मला 'बघ, जोलदोश कसा करतो' हे ऐकावं लागलं आहे. घोड्यावर बसणं, लाकडं फोडणं, बोकड सोलणं, सगळ्यात. त्याचं इतकं वाईट काम डोळ्यांपुढे पाहून मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. मी चहा घेतला आणि भाजलेल्या जिभेने कोन काढायला बसलो.

कोन म्हणजे असा. ॲक्सलच्या मधल्या गोळ्याला पुढे एक नाक असतं. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट त्या नाकाला जोडलेला असतो. बैठक अशी जोडायची की ट्रक उभा राहिला की नाक तीन अंश वर बघेल, नाही तर शाफ्टचा जॉइंट थरथरून तुटतो. मी शाळेतून मोठा लाकडी कोनमापक आणला. त्यासाठी रजिस्टरात सही केली: 'कोनमापक, लाकडी, एक, कारण: कौटुंबिक.' तिलेकची पाठ दुखत होती, म्हणून आम्ही ॲक्सल उलटा करून लोखंडी स्टँडवर ठेवला आणि त्याला वाकावं लागणार नाही अशी सोय केली. मी कोनमापक लावला, नाक तीन अंश वर केलं आणि म्हणालो, "टाके मार."

"थांब," ओसोर काका स्टुलावरून म्हणाले. "वर म्हणजे कुठे वर?"

"काका, वर म्हणजे वर."

"नाही, मी आपलं विचारलं."

महिनाभरात काकांनी शंभर प्रश्न विचारले असतील. त्यातला तो एकच शहाणपणाचा होता, आणि त्याच एका प्रश्नाला मी त्यांना गप्प केलं.

तिलेकने काम मात्र सुरेख केलं. थोडं इकडे, थोडं तिकडे, मधे थंड होऊ देऊन, म्हणजे नळी तापून वाकू नये. तोवर मी कागदांच्या मागे लागलो. ट्रकच्या बांधणीत बदल केला तर तपासणी कार्यालयाचा कागद लागतो. वहिनींना घेऊन गेलो. टेबलामागचा अधिकारी माझाच विद्यार्थी, खुर्चीवरून अर्धा उठला आणि अर्धाच राहिला.

"आगाय, अर्ज मालकाने स्वतः करायचा असतो."

"मालक वारला."

"हो, ऐकलं, फार वाईट झालं. पण नियमात 'स्वतः' असं आहे."

वहिनी पुढे वाकल्या. "तो आला तर आधी माझ्याशी बोलेल. बरंच बोलायचं आहे. उरला तर पाठवते तुमच्याकडे."

त्याने घाईघाईने वारसाचा दुसरा फॉर्म शोधून काढला. मग वेल्डरचा दाखला हवा झाला, जुना ॲक्सल मोडीत निघाल्याचा दाखला हवा झाला, आणि शेवटी तो म्हणाला, "आणि एक यंत्रचित्र लागेल."

त्या महिन्यात मला झालेला एकमेव आनंद तो. मी मोठा कागद घेतला, शाईने तीन बाजू काढल्या, मापं अशी लिहिली की छापील वाटावीत. स्टँडवरचा ॲक्सल जसा होता तसाच मोजला आणि कागदावर सुलटा काढला. वस्तू दिसते तशी काढा, तुम्हाला हवी तशी नाही, हे मी एकतीस वर्षं मुलांना सांगत आलो आहे. अधिकाऱ्याने चित्र दोन्ही हातांत धरलं, म्हणाला, "तुम्ही काढलंय म्हणजे बघायचं काय," आणि न बघता शिक्का मारला.

ॲक्सल बसवला. चाकं बसवली. पहिली फेरी बाजारापर्यंत आणि परत, असं ठरलं. मी स्टिअरिंगवर, तिलेक शेजारी, काका मागे स्टुलासकट. फाटकातून बाहेर पडलो तेव्हा ट्रक नुसता कुरकुरला. पोस्टापाशी गुरगुरायला लागला. वेग वाढला तसे माझे दात एकमेकांवर आपटायला लागले आणि मागून काकांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी यायला लागला, "सु-सु-युन-बा-बाय..." शाळेसमोर आलो. नेमकी मधली सुट्टी झाली होती. एक मोठा आवाज झाला, शाफ्टचा जॉइंट तुटला आणि तो लांब शाफ्ट खाली पडून रस्त्यावर ठिणग्या काढत थोडा वेळ आमच्याबरोबर आला.

चारशे मुलं कुंपणाला लागली. मुख्याध्यापिकाबाई फाटकात आल्या.

"आगाय, हे प्रात्यक्षिक होतं का?"

मी खाली उतरलो आणि आपल्याला सवय आहे अशा चेहऱ्याने ट्रकखाली वाकलो. ॲक्सलचं नाक जमिनीकडे बघत होतं. तीन अंश.

तिलेक माझ्या शेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, "आगाय, एक विचारू? उलटं ठेवलेलं 'वर' सुलटं केलं की कुठे जातं?"

त्याला दुसऱ्यांदा नापास केलं होतं ते याच प्रश्नावर. आकृती फिरवली की कोन कसा फिरतो, पाच गुण. तो हसला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने रस्त्यावरून शाफ्ट उचलून खांद्यावर घेतला आणि माझ्या कोटावरची माती झटकली.

सगळं पुन्हा केलं. पुन्हा कापलं, पुन्हा घासलं. या वेळी ॲक्सल ट्रकखाली, चाकांवर, वर पूर्ण भार ठेवून, आणि तिलेक दुखऱ्या पाठीने जमिनीवर उताणा. कोन मी बघितला, मग तिलेकने, मग वहिनींनी. काकांना मी स्वतःहून विचारलं, "काका, वर कुठे आहे?" त्यांनी गंभीरपणे आभाळाकडे बोट दाखवलं. एवढं होईपर्यंत जूनचा तिसरा आठवडा लागला होता. गावातली जायलूवर जाणारी सगळी घरं निघून गेली होती.

वीस तारखेला आम्ही निघालो. मागे यर्टच्या जाळ्या, नमदे, लोखंडी शेगडी, कुमीसची चामडी पिशवी. वहिनी माझ्या शेजारी. त्यांचा भाऊ घोड्या आणि शिंगरं घेऊन मागून घोड्यावरून येत होता. ट्रक असा चालला की मला गाणं म्हणावंसं वाटलं, पण वहिनी होत्या म्हणून म्हटलं नाही.

खिंडीच्या पायथ्याशी तपासणी नाका आहे. तिथला निरीक्षक तरुण, दुसऱ्या प्रांतातला, म्हणजे माझ्या हाताखालून न गेलेला. त्याने कागद मागितले. माझं चित्र बॉनेटवर पसरलं आणि वाचायला लागला. आयुष्यात माझं चित्र इतक्या लक्षपूर्वक कुणी पाहिलं नव्हतं. मला भरूनच आलं. मग तो मोबाइल घेऊन ट्रकखाली गेला आणि बाहेर आला.

"चित्रात नाक तीन अंश खाली आहे," तो म्हणाला. "गाडीत तीन अंश वर."

बैठका बदलल्या होत्या. चित्र बदलायचं राहिलं होतं.

"वरच बरोबर आहे," मी म्हणालो.

"असेल. पण शिक्का 'खाली'वर आहे. गाडी चूक असेल तर ती मी अडकवणार. चित्र चूक असेल तर काढणाऱ्याने तसं लिहून द्यावं, मी ते कार्यालयाला पाठवतो. नवा शिक्का आला की जा."

मी तासभर वाद घातला. चित्र चूक नव्हतं, ते चुकीच्या वस्तूचं बरोबर चित्र होतं, हा फरक मी त्याला तीन प्रकारे समजावला. त्याने तिन्ही वेळा मान डोलावली आणि कोरा कागद पुढे सरकवला. मागे गाड्यांची रांग लागली. कुणीतरी भोंगा वाजवला. मी म्हणालो, माझ्या हातून आजवर चुकीचं चित्र गेलेलं नाही आणि मी तसं लिहिणार नाही.

वहिनी केबिनमधून उतरल्या.

"भावजी, लिहा."

"वहिनी, पण..."

"तुमच्या भावाने तीन वर्षं लपवलं. प्रत्येक खेपेला मी शेजारी बसून उतारावर देवाचं नाव घेत होते, आणि तो काय म्हणायचा, काही नाही, आवाज तर असतोच. तुमच्या घराण्यात कुणीतरी एकदा लिहून द्या."

मी लिहिलं. 'सदर चित्रातील कोन चुकीचा आहे. चित्र मी काढले. सुयुनबाय, यंत्रचित्रकला शिक्षक.' अक्षर छापील आलं नाही.

नवा शिक्का आठवड्यात येईल असं निरीक्षक म्हणाला. पण कार्यालयातला माझा विद्यार्थी रजेवर गेला होता, त्याच्या स्वतःच्या जायलूवर, आणि शिक्का कुलपात होता. तो आला तेव्हा प्रांताचा साहेब रजेवर गेला. वहिनींनी पहिल्याच दिवशी वाट बघणं सोडलं. नाक्यापासून दोनशे पावलांवर, रस्त्याच्या कडेच्या उतारावर त्यांनी यर्ट उभी केली. ट्रक वाऱ्याला आडवा लावला, आणि माझ्या महिन्याभराच्या मेहनतीचा तेवढा उपयोग झाला.

मी दर शनिवारी सवारी गाडीने जायचो आणि झऱ्यावरून पाणी आणून द्यायचो. तिथलं गवत आखूड आणि धुळीने पांढरं झालेलं. घोड्यांचं दूध निम्म्यावर आलं. रस्त्याने जाणारे कुमीससाठी थांबायचे, निरीक्षकही रोज एक वाडगा प्यायचा आणि दर वेळी विचारायचा, "आला का शिक्का?" जुलैच्या शेवटी एक शिंगरू गाडीखाली सापडलं. करड्या रंगाचं, सर्वांत धाकटं. मी शनिवारी पोचलो तेव्हा त्याची आई रस्त्याच्या कडेला उभी राहून खिंकाळत होती, आणि वहिनी तिला धरून. खड्डा मी खणला. वहिनींनी मला दोष दिला नाही. तीन शनिवार त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि दोष दिला असता तर बरं झालं असतं असं मला प्रत्येक शनिवारी वाटलं.

शिक्का चौदा सप्टेंबरला आला. आता ट्रकला खिंड ओलांडायची परवानगी होती, आणि पलीकडे कुरणावर बर्फ पडलं होतं. आम्ही यर्ट उतरवली, मागे भरली, वहिनींचा भाऊ घोड्या हाकत पुढे निघाला, आणि ट्रकचं तोंड खाली गावाकडे वळवलं. निरीक्षकाने हात हलवला.

वहिनींचे डोळे सुजलेले होते. "उन्हाळाभर झोपले नाही," त्या म्हणाल्या. "ट्रक जाताना जमीन हलते. सारखं वाटतं, आणखी एखादं शिंगरू..." थोड्या वेळाने बघतो तर त्यांचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं आणि त्या गाढ झोपल्या होत्या. काच जरासुद्धा थरथरत नव्हती.

गावाचा फाटा आला. वळायचं तर गियर बदलावा लागतो आणि हा ट्रक गियर बदलताना असा खाकरतो की मेलेला उठावा. मी गियर बदलला नाही. फाटा गेला. पुढचं गाव आलं, तेही गेलं. पॉपलरची पिवळी पानं रस्त्यावर पडत होती आणि मी तसाच, एका वेगाने, सरळ चाललो होतो. मग ट्रकने दोन आचके दिले, पेट्रोल संपलं, आणि आम्ही कडेला लागलो.

वहिनी जाग्या झाल्या.

"आलं घर?"

"मागे राहिलं, वहिनी."

त्यांनी बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं होती, माणूस कुठे दिसत नव्हता. त्यांनी शाल खांद्यावर ओढली आणि डोकं पुन्हा काचेला टेकलं.

"मग मी अजून थोडी झोपते," त्या म्हणाल्या. "तुम्ही पेट्रोल घेऊन या. घाई करू नका."

मी डबा घेतला आणि दार हळूच लावलं. पेट्रोल पंप अकरा किलोमीटरवर होता.